गुपित सहल

सकाळची न्याहारी आटोपली की मिसेस पिकर्सगिल आपल्या सगळ्या पाहुण्यांना घराबाहेर काढत असे, ते थेट संध्याकाळच्या चहापर्यंत. मग ऊन असो, वारा असो, नाहीतर आजच्यासारखा समुद्रावरून आडवा मारणारा पाऊस असो. रोख पैसे भरून राहायला आलेल्या माणसाला दिवसभर रस्त्यावर हाकलायचं आणि त्यानंही टोपी चढवून मुकाट्यानं निघायचं, हे इंग्लंडातल्या समुद्रकाठच्या गावांखेरीज आणखी कुठे चालत असेल असं वाटत नाही. ब्रिडलिंग्टनमध्ये चालत होतं. दुसरं महायुद्ध संपून दहाएक वर्षं झाली होती, रेशनकार्डंही गेली होती, पण घरमालकिणींचा नियम काही हलला नव्हता. तक्रार करणं म्हणजे तमाशा करणं, आणि तमाशा करण्यापेक्षा भिजून आजारी पडलेलं बरं, अशी या लोकांची पक्की समजूत.

एनिडनंही तमाशा केला नाही. दाराशी उभं राहून तिनं हळूच एवढंच विचारलं की मुलीला, जिलला, खोकला आहे, आजचा दिवस तिला खोलीत पडू दिलं तर चालेल का. मिसेस पिकर्सगिलनं सहा वर्षांच्या जिलकडे असं पाहिलं की जणू ती पोर घरातल्या सगळ्या गाद्यांना खोकला लावून जाणार आहे. एकीला सवलत दिली की बाकीचे रांगेत उभे राहतात, असं ती म्हणाली. आणि खोकला फारच असेल तर दुसरी जागा बघा, इतर पाहुण्यांचाही विचार करावा लागतो. एनिडनं घाईघाईनं जिलचा मफलर आवळला आणि ती बाहेर पडली. दुसरी जागा बघणं तिला परवडणारं नव्हतं. शनिवारपर्यंत तिला कुणाच्याही डोळ्यावर यायचं नव्हतं.

शनिवारी सकाळची गाडी धरून ती वेल्समध्ये जाणार होती. तिथल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात तिला काम मिळालं होतं, वर एक खोली, आणि पोरीला सोबत ठेवायची परवानगी. नवऱ्याच्या नकळत, गावातल्या पोस्टाला बगल देऊन हे सगळं जुळवायला तिला अख्खा हिवाळा लागला होता. मधले हे चार दिवस तेवढे काढायचे होते. नवरा तिला आधी हल शहरात बहिणीकडे शोधेल हे तिला ठाऊक होतं. म्हणून ती ब्रिडलिंग्टनला आली. या आठवड्यात ब्रॅडफर्डच्या लोकरगिरण्या वर्षाच्या सुट्टीसाठी बंद होत्या आणि निम्मं ब्रॅडफर्ड पोराबाळांसकट इथे लोटलं होतं. एवढ्या गर्दीत एक बाई आणि एक पोर कुणाला दिसणार? घरमालकिणीला तिनं नाव सांगितलं मिसेस हार्पर, आणि गाव ब्रॅडफर्ड.

खरं गाव होतं ऑल्डरबी. मॉल्टनच्या पलीकडे, टेकड्यांच्या कुशीत, एक चर्च, एक दुकान आणि 'ग्रीन ड्रॅगन' नावाचा पब. तो पब तिच्या नवऱ्याचा, क्लिफर्डचा. गावात क्लिफर्डसारखा दिलदार माणूस नाही, असं कुणीही शपथेवर सांगितलं असतं. पब बंद झाल्यावर वरच्या मजल्यावर काय होतं ते गावाला दिसत नव्हतं आणि एनिडनं दिसू दिलं नव्हतं. लांब बाह्यांचे कपडे घालायचे आणि ओठ घट्ट मिटून घ्यायचे, म्हणजे पलीकडच्या खोलीत जिलची झोप मोडत नाही, एवढं तिला जमलं होतं. निघून जाईन असं ती एकदाच म्हणाली होती. क्लिफर्ड हसला होता. रोज त्याच्याकडे फुकट पिणाऱ्या गावच्या हवालदारासमोर त्यानं तिला सुनावलं होतं, "जा की. तुला कोण अडवतंय? पण घर टाकून गेलेल्या बाईला कोर्ट पोर देत नाही, विचार याला. जिल इथंच राहील." हवालदारानं पेल्यावरचा फेस पुसत मान हलवली होती.

तेव्हा सगळा प्रश्न जिलचा होता. क्लिफर्डनं जिलला पाहिलं, तर संपलं. तो काही आरडाओरडा करणार नव्हता. चारचौघांत हसत हसत तिला कडेवर उचलून घेऊन गेला असता आणि कुणी चकार शब्द काढला नसता.

आणि एनिडला सगळ्यात जास्त टोचायचा तो जिलचाच एक प्रश्न. घर सोडल्यापासून रोज झोपताना ती विचारायची, "आई, बाबा कधी येणार?" क्लिफर्डनं पोरीवर कधी हात उगारला नव्हता. काउंटरवर बसवायचा, लिमलेटच्या गोळ्या द्यायचा, गिऱ्हाइकांसमोर गाणं म्हणायला लावायचा. पोरीचा जीव बापावर असणारच. आपण तिला बापापासून तोडून आणलं, या विचारानं एनिड रात्ररात्र जागी असायची. बापाचा नुसता आवाज कानावर आला तरी ही पोर धावत सुटेल, याची तिला खात्री होती.

समुद्रकाठच्या रस्त्यावर जेवढे आडोसे होते ते सगळे ब्रॅडफर्डकरांनी भरले होते. ओले रेनकोट, ओले सँडविच, रडणारी पोरं. जिल खोकून खोकून वाकली होती. तेवढ्यात कठड्याशी उभी असलेली सहलीची बस दिसली आणि शेजारी खडूनं लिहिलेली पाटी. पावसानं खडू ओघळला होता, तरी वाचता येत होतं: गुपित सहल, चहासह, संध्याकाळी परत.

गुपित सहल म्हणजे कुठे नेणार ते ड्रायव्हर सांगत नाही आणि प्रवाशांनी विचारायचं नाही. त्यातच तर मजा. पण ब्रिडलिंग्टनची गुपित सहल कुठे जाते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ती थॉर्नटनला जायची: ओढा, ओढ्यावरचे छोटे पूल, गवताच्या छपरांची घरं, झाडाखाली चहा. वर्षानुवर्षं तेच, आणि वर्षानुवर्षं लोक उतरताना "अगबाई, थॉर्नटन" म्हणून चकित होत. एनिडनं हिशेब केला. थॉर्नटन ऑल्डरबीपासून बरंच लांब. शिवाय ग्रीन ड्रॅगनला सहलीच्या गाड्या यायच्या त्या लीड्स आणि यॉर्कच्या. ब्रिडलिंग्टनची एकही नाही. बसमध्ये कोरडी जागा होती, खाली गरम हवा येत होती. तिनं दोन तिकिटं काढली. विल्फ नावाचा जाडजूड ड्रायव्हर जिलला म्हणाला, "शेवटच्या बाकावर बस राणी, तिथं सगळ्यात ऊब."

शेवटच्या बाकाच्या पुढच्याच सीटवर मिसेस अ‍ॅक्रॉइड आणि तिची बहीण डोरा बसल्या होत्या. दोघी ब्रॅडफर्डच्या गिरणीत मागावर काम करणाऱ्या, दोघी विधवा. मागाच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे मिसेस अ‍ॅक्रॉइडला हळू बोलणं ठाऊकच नव्हतं. बस हलली नाही तोच ती मागे वळली आणि तिनं विचारलं की ब्रॅडफर्डमध्ये कुठं राहता. एनिडनं एका रस्त्याचं नाव ठोकून दिलं. मिसेस अ‍ॅक्रॉइडनं तिच्याकडे जरा निरखून पाहिलं, कारण तिचं बोलणं काही गिरणीवाल्यांसारखं नव्हतं. पण मग तिनं पेपरमिंटची पुडी पुढे केली आणि विषय सोडून दिला.

नंतर तिनं एका म्हाताऱ्याची टोपी काढून घेतली आणि सगळ्या बसमधून फिरवली. गुपित सहलीतला हा ठरलेला खेळ. प्रत्येकानं टोपीत तीन पेन्स टाकायचे आणि जागेचं नाव लिहिलेली चिठ्ठी टाकायची. वाटेतलं ड्रिफील्ड यायच्या आत सगळ्या चिठ्ठ्या पडल्या पाहिजेत. ज्याचं बरोबर त्याची टोपीतली रक्कम. अर्ध्याहून जास्त बसनं थॉर्नटन लिहिलं. एनिडनंही तेच लिहिलं. मिसेस अ‍ॅक्रॉइड डोराला म्हणाली, "सगळ्यांनी तेच लिहिलंय. वाटून घेतले तर प्रत्येकाला आपापले तीन पेन्सच परत मिळतील." बस हसली. एनिडलाही किती दिवसांनी हसू आलं. जिल तिच्या मांडीवर डोकं ठेवून पेंगत होती आणि खिडक्यांवर वाफ धरली होती.

मॉल्टनमधून बाहेर पडताना रस्ता फुटतो. उजवीकडे पिकरिंग आणि थॉर्नटन, डावीकडे टेकड्या. बस डावीकडे वळली.

एनिडनं बाहीनं काच पुसली. वळण चुकलं असेल, पुढे फिरून जाईल, असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं. मग तो पडका चुनाभट्टीचा बुरूज गेला, मग डुकरांचं फार्म गेलं. हा रस्ता तिला डोळे मिटूनही ओळखता आला असता. बसमध्ये कुजबुज सुरू झाली तसा विल्फनं आरशातून मागे पाहिलं आणि मोठ्यानं सांगितलं की असल्या पावसात ओढ्याकाठी बसवून तुम्हाला चहा कोण देणार, म्हणून आज खरंखुरं गुपित आहे: मोठा हॉल, पेटती शेकोटी, हॅम, लोणी-पाव, केक. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पाऊस. एनिडला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. सात वर्षं तिनं ग्रीन ड्रॅगनच्या त्या हॉलमध्ये पावांवर लोणी लावलं होतं. ऊन पडलं की लोक समुद्रावर नाहीतर ओढ्यावर जातात; पाऊस पडला की ड्रायव्हर मोठं छप्पर शोधतात, आणि या मुलखात चाळीस माणसांना पुरेल एवढं छप्पर एकाच पबला होतं. पाऊस सुरू झाला की क्लिफर्ड हात चोळत म्हणायचा, "लोणी मऊ करत ठेव, आल्याच गाड्या." ड्रायव्हरला आत स्वयंपाकघरात फुकट जेवण. हे सगळं तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, आणि सकाळी छप्पर शोधत तीच धावत येऊन या बसमध्ये चढली होती.

जिलला बाकावर निजवून ती पुढे गेली. पोरीला मळमळतंय, बस थांबवा, आम्ही इथंच उतरतो, असं तिनं विल्फला सांगितलं. विल्फ समजुतीनं म्हणाला की या पावसात, या रानात आजारी पोर घेऊन उतरणार कुठे? दहा मिनिटांत पोचतोच आहोत, तिथं मोरी आहे, सगळं आहे. त्यानं सीटखालून एक पत्र्याची बादली काढून तिच्या हातात दिली. पुढच्या रांगेतल्या दोन बायका कळवळून तिच्याकडे पाहू लागल्या. एनिडला ओरडायचं होतं. पण तिच्या तोंडून निघालं, "आभारी आहे," आणि बादली घेऊन ती मागे आली. आणि उतरली असती तरी काय? त्या रस्त्यावर चालणारं प्रत्येक माणूस तिला नावानं ओळखत होतं.

बसमध्येच बसून राहावं म्हटलं, तर गाडी रिकामी करून कुलूप लावल्याशिवाय कुठलाच ड्रायव्हर जेवायला जात नाही. आणि त्यातून राहिलंच कुणी आत, तर क्लिफर्ड होता. येणाऱ्या प्रत्येक गाडीत पायरीवर चढून तो स्वतः पाहुण्यांचं स्वागत करायचा. त्याच्या त्या दोन विनोदांवर लोक खूश व्हायचे.

चर्चचा कळस दिसला. एनिड पुढे वाकली आणि मिसेस अ‍ॅक्रॉइडच्या कानाशी म्हणाली, "ऑल्डरबी."

"उशीर केलास पोरी," मिसेस अ‍ॅक्रॉइड म्हणाली. "चिठ्ठ्या केव्हाच पडल्या. आता देवदूतानं येऊन सांगितलं तरी पैसे मिळायचे नाहीत."

"ऑल्डरबीचा ग्रीन ड्रॅगन," एनिड म्हणाली. "तो माझ्या नवऱ्याचा आहे. मी पळून आलेय. त्यानं हिला पाहिलं तर तो हिला ठेवून घेईल. मला परत कधीच मिळायची नाही."

आयुष्यात पहिल्यांदाच हे वाक्य तिनं कुणापुढे उच्चारलं होतं, आणि तेही एका अनोळखी बाईपुढे. मिसेस अ‍ॅक्रॉइडनं एनिडच्या तोंडाकडे पाहिलं, मग बादली धरलेल्या हाताकडे. बाही वर सरकली होती. मनगटाच्या वरचे पिवळे पडत चाललेले डाग तिनं पाहिले आणि तोंडातली पेपरमिंटची गोळी या गालातून त्या गालात नेली. मग डोराला ढोसून ती म्हणाली, "डोरा, तुझे पाय आखडलेत."

"माझे?" डोरा म्हणाली.

"तुझे. आणि माझे पण."

बस पबच्या अंगणात वळली आणि थांबली. लोक छत्र्या उघडत, खिदळत, हॅमच्या वासानं भराभर उतरले. चिठ्ठ्या सगळ्यांच्याच चुकल्या होत्या याचंही त्यांना कौतुक वाटत होतं. विल्फ मागे आला तेव्हा मिसेस अ‍ॅक्रॉइडनं त्याला सांगितलं की आम्हा बहिणींचे पाय आखडलेत, आम्ही उतरत नाही, आणि या पोरीचं पोरगं आजारी आहे, ती पण बसेल. विल्फ म्हणाला की गाडीला कुलूप लावायचा नियम आहे. "मग लाव," मिसेस अ‍ॅक्रॉइड म्हणाली, "आणि उद्याच्या पेपरात येऊ दे, म्हाताऱ्यांना कोंडून ड्रायव्हर हॅम खायला गेला." विल्फनं डोकं खाजवलं, दार नुसतं लोटून घेतलं आणि तो आत गेला.

"तो येईल," एनिड म्हणाली. "विल्फ त्याला सांगेल आणि तो येईल. चार जणांचा चहा मांडून पडलाय म्हटल्यावर तो स्वतः येतो."

मिसेस अ‍ॅक्रॉइडनं वरच्या फळीवरून आपला आणि डोराचा कोट ओढला, कुणाचे तरी आणखी दोन रेनकोट ओढले आणि शेवटच्या बाकाखाली बोट दाखवलं. एनिड गुडघ्यांवर बसली. आता जिलला काय सांगायचं? लपाछपी खेळू या म्हणावं? मिनिटभरात खिदळून बाहेर येईल. गप्प बस म्हणावं, तर का म्हणून विचारेल, आणि अंगणातून बापाची हाक आली की... एनिडनं वर पाहिलं. बाकावर जिल नव्हती.

एनिड खाली वाकली. मग ती दिसली. बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला, खाली, जिथे मोठं माणूस शिरूच शकत नाही अशा खोबणीत, गुडघे हनुवटीला लावून जिल बसली होती. कधी उतरली, कशी शिरली, पत्ता नाही. मधे बाकाचा लोखंडी पाय होता. हात लांब केला तरी एनिड तिच्यापर्यंत पोचत नव्हती. बाहेर चिखलात बूट वाजले. एनिड पालथी झाली आणि मिसेस अ‍ॅक्रॉइडनं तिच्यावर कोट टाकले. कोटाच्या फटीतून तिला जिलचा चेहरा तेवढा दिसत होता.

बसच्या पायरीवर वजन पडलं तशी बस जराशी झुकली.

"ग्रीन ड्रॅगनमध्ये स्वागत आहे, आणि घाबरू नका, ड्रॅगन आज सुट्टीवर आहे," क्लिफर्ड म्हणाला. तोच विनोद, तोच आवाज, मधासारखा. "काय हे, तिथं चहा निवतोय. पाय दुखतात म्हणे? मी उचलून नेतो दोघींना. आधी कुणाला?"

"हात तर लावून बघ," मिसेस अ‍ॅक्रॉइड म्हणाली. "आम्हाला चहा नको. आम्ही आमची बाटली आणलीय."

क्लिफर्ड हसला आणि मधल्या वाटेनं मागे येऊ लागला. लोण्याची माफी मागत होता. पाव जाड कापलेत, म्हणाला, काय करणार, हे सगळं बायको बघते. पण तिची आई अंथरुणाला खिळलीय, म्हणून गेलीय बिचारी सेवा करायला. येईलच आता. लवकरच आणतो तिला.

एनिडची आई युद्धाच्या दुसऱ्याच वर्षी वारली होती.

एनिडला आता फक्त जिल दिसत होती, आणि जिलला खोकला येत होता. तो छातीतून वर चढताना दिसत होता. खांदे उचलले गेले, मान ताठ झाली, डोळे मोठे झाले. एनिडनं मनातल्या मनात देवाला हाक मारली. आता खोकेल, किंवा हाक मारेल. बाबा, मी इथं आहे. आपण हिला तोडून आणलं त्याची शिक्षा आता मिळणार.

जिलनं मफलरचं टोक धरलं आणि तोंडात कोंबायला सुरुवात केली. घाई नाही, गडबड नाही. बोटानं ढकलत ढकलत तिनं तोंड पूर्ण भरलं, वरून दोन्ही तळहात दाबून धरले आणि डोळे मिटून घेतले. तिचा चेहरा लाल झाला, मग त्याहून गडद झाला. डोळ्यांच्या कडांतून पाणी गळू लागलं. सगळं अंग आतल्या आत गदागदा हललं, एकदा, दोनदा, तीनदा. आवाज आला नाही.

"ड्रायव्हर म्हणाला, एक पोरगी पण आहे आजारी," क्लिफर्डचा आवाज अगदी जवळ आला. बूट बाकाच्या अलीकडे थांबले. ते बूट एनिडनंच पॉलिश केलेले होते. "कुठंय? मला फार लळा आहे लहान पोरांचा."

"गेली आईबरोबर, ओकायला," मिसेस अ‍ॅक्रॉइड म्हणाली, आणि मग तिलाच खोकल्याची उबळ आली. गिरणीतली लोकर छातीत गेलेल्या माणसाचा तो खोकला. बसच्या काचा हादरल्या. डोरा तिची पाठ थोपटू लागली. उबळ थांबायचं नाव घेईना. अखेर श्वास घेत ती क्लिफर्डला म्हणाली, "डॉक्टर म्हणतात छातीत डाग आहे. ये, बस शेजारी, गप्पा मार."

बूट दोन पावलं मागे सरकले. "आराम करा बाई," क्लिफर्ड म्हणाला. पायरीपर्यंत पोचल्यावर, आता कुणाला ऐकू जात नाही अशा समजुतीनं, तो दुसऱ्या आवाजात काहीतरी पुटपुटला. तो आवाज एनिडच्या ओळखीचा होता. गावानं तो कधी ऐकला नव्हता. दार आपटलं.

त्यानंतर त्या कितीतरी वेळ तशाच राहिल्या. मिसेस अ‍ॅक्रॉइड काच पुसून अंगणावर नजर ठेवून होती. तिनं दोनदा हळू आवाजात, म्हणजे तिला जमेल तेवढ्या हळू आवाजात, सांगितलं की तो आत गेलाय, पोरीला बाहेर काढ. पण जिल बाहेर यायला तयार नव्हती. मफलरचं टोक तोंडातून काढून तिनं श्वास घेतला, मान हलवली आणि टोक पुन्हा तोंडात घातलं. लोक परत आले, हॅमच्या जाडीबद्दल नाही तरी पावाच्या जाडीबद्दल कुरकुरत बसले. विल्फनं डोकी मोजली, दोन कमी भरली तेव्हा मिसेस अ‍ॅक्रॉइडनं कोटांच्या ढिगाकडे बोट करून सांगितलं, "झोपल्यात. निघ." बस ऑल्डरबीतून बाहेर पडली, डुकरांचं फार्म गेलं, चुनाभट्टी गेली. मॉल्टनच्या फाट्यावर पोचल्यावर एनिड कोटांखालून निघाली; जिलही खोबणीतून बाहेर आली आणि बाकावर चढून बसली.

मग ती खोकली. छातीत साठवून ठेवलेला सगळा खोकला तिनं एकदम काढला. एनिडनं तिला उराशी धरलं आणि ओला मफलर तिच्या गळ्यातून काढून घेतला. आता पाहिलं तर त्याचं ते टोक सगळं चावून चावून विरलेलं होतं. एका दिवसाचं काम नव्हतं ते. घरी असताना हे उंदरांनी कुरतडलंय असं समजून तिनं दोनदा रफू केलं होतं.

"जिल," एनिड म्हणाली, "हे तुला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. जिन्याखाली बसताना करते मी. लोकर खाल्ली की आवाज येत नाही."

"जिन्याखाली कधी बसतेस तू?"

जिलनं तिच्याकडे नवलानं पाहिलं. आईला एवढंही माहीत नाही? "रात्री. पब बंद झाला की. मग तू रडायची थांबलीस की मी वर जाऊन झोपते."

समोरच्या सीटवर मिसेस अ‍ॅक्रॉइडनं टोपीतल्या नाण्यांशी चाळवाचाळव थांबवली होती. तिनं मागे वळून पाहिलं नाही. बसमध्ये पुढे कुणीतरी गाणं सुरू केलं होतं आणि लोक टाळ्या वाजवून साथ देत होते.

"पण मग तू रोज का विचारतेस गं," एनिडनं कसंबसं विचारलं, "बाबा कधी येणार म्हणून?"

"कळलं की बरं असतं," जिल म्हणाली. "लपायला वेळ मिळतो."

तिनं आईच्या कोटाचं बटण काढलं, आत डोकं खुपसलं आणि विचारलं, "आई, बाबा कधी येणार?"